चाळीस रहिवाशांचं घर

एदिता चिग्वायचं पत्र मार्चमध्ये आलं आणि मी त्याला उत्तर पाठवलं नाही. लिहिलं नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. अकरा वेळा लिहिलं. पहिलं उत्तर नऊ पानांचं झालं, ते मला आगाऊ वाटलं. अकरावं दोन ओळींचं झालं, ते उद्धट वाटलं. मधली सगळी चुलीत गेली आणि तेवढे दिवस माझी किटली लवकर उकळली.

एदिता माझी विद्यार्थिनी. आमच्या बेटावरच्या शाळेत मी चौतीस वर्षं शिकवलं आणि त्यातली बहुतेक खिडकीकडे बघून शिकवलं, कारण मुलांकडे पाहिलं की मला पुढचं वाक्य आठवत नसे. ही मुलगी शिकून माशांची डॉक्टर झाली. पाळलेल्या माशांना ताण कशानं येतो आणि किती येतो, हे ती मोजते. तिनं लिहिलं होतं, ‘मास्तर, आमच्या प्रयोगशाळेतला एक हौद बंद होतोय. त्यात चाळीस ट्राउट आहेत. तीन वर्षं त्यांनी आमची जाळी, दिवे, सुया, सगळं सोसलं. काम संपलं म्हणून आता त्यांना मारायचं ठरलंय. मी वरिष्ठांना म्हटलं, एक माणूस आहे. तुमच्या वर्गात मला कधीच भीती वाटली नाही, म्हणून तुमचंच नाव आठवलं. ठेवाल का? हो की नाही, एवढंच कळवा.’

आता अशा पत्राला काय उत्तर द्यायचं? तिला भीती वाटली नसेल, कारण वर्गात होती नव्हती ती सगळी भीती मी एकटाच वापरत होतो. हे कळवावं की कळवू नये, इथेच माझं उत्तर अडलं.

आमच्या चिलोए बेटांकडे नकार द्यायचा असेल तर माणूस तिथल्या तिथे देतो. होकाराला वेळ लागतो आणि तो बहुधा न बोलताच दिला जातो. एदिता इथलीच. तिनं महिनाभर वाट पाहिली आणि इथल्या रिवाजाप्रमाणे अर्थ लावला. एप्रिलमध्ये एका सकाळी मी दाढी करत असताना रेडिओवर बेटांसाठीचे निरोप चालू होते. अमक्याची गाय सापडली, तमकीला मुलगा झाला, आणि मग, ‘पुकेतानच्या एवारिस्तो मान्सिया मास्तरांना निरोप. मासे पुढच्या गुरुवारी येत आहेत. हौद तयार ठेवावा.’ मी वस्तरा खाली ठेवेपर्यंत शेजारच्या ओतिलियाबाई दारात उभ्या होत्या. कसले मासे, किती, कशाला, आणि इतके दिवस आम्हाला का सांगितलं नाही, असे चार प्रश्न त्यांनी एका दमात विचारले. माझ्या अर्ध्या गालावर साबण होता. अशा अवस्थेत माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही.

हौद बेलिसारियो कोलिवोरोंनी बांधला. हे आमच्याकडचे घरं हलवणारे. एका जागेवरचं लाकडी घर उचलून, ओंडक्यांवर चढवून, बैलांनी ओढत दुसऱ्या जागी नेऊन ठेवायचं, हे त्यांचं काम. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांनी साठ घरं हलवली आहेत आणि एकाचीही काच फुटलेली नाही. त्यांच्या आवाजाला मात्र गावात सगळे दबून असतात. ते इथे बैलाला हाक मारतात तेव्हा समोरच्या बेटावरचे बैल चालायला लागतात, असं म्हणतात. त्यांनी जुन्या होडीच्या फळ्या जोडून, सांध्यांत सुतळी ठोकून, सहा दिवसांत माझ्या अंगणात असा हौद उभा केला की तो समुद्रात सोडला असता तरी तरंगला असता. ओढ्यातून लाकडी पन्हळ लावून त्यात वाहतं पाणी आणलं.

गुरुवारी तराफ्यावरून ट्रक उतरला. ड्रायव्हरनं पावती पुढे केली. ‘माल: ट्राउट, नग चाळीस. स्थिती: नाजूक. स्वीकारणार: एवारिस्तो मान्सिया.’ नाजूक स्थिती नेमकी कोणाची, हे स्पष्ट नव्हतं. मी सही केली.

सोबत एदिताची चार पानी टिपणं होती. मिनिटाला कल्ले किती वेळा उघडतात ते मोजा. अंग काळवंडलं तर मासा घाबरलाय असं समजा. खाणं सोडलं तर फारच घाबरलाय. हौदावर सावली पडू देऊ नका, लाकडावर ठोकू नका, मोठ्यानं बोलू नका. हे शेवटचं वाचून मला बरं वाटलं. माझा एखादा दोष पात्रता म्हणून मोजला जाण्याची आयुष्यातली ही पहिलीच वेळ होती. पण अखेरीस लिहिलं होतं, ‘डिसेंबरमध्ये वरिष्ठ विचारतील, किती जगले आणि किती खातात. हे चाळीस नीट राहिले तर पुढचा हौद रिकामा करताना ते वेगळा विचार करतील, असं त्यांनी कबूल केलंय.’ म्हणजे माझ्या अंगणात चाळीस मासे आले होते आणि त्यांच्या मागे न दिसणारे कितीतरी रांगेत उभे होते. त्या रात्री मी जेवलो नाही. मासेही जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून गाव बघायला लोटलं. प्रत्येकजण हौदावर वाकायचा, म्हणजे प्रत्येकाची सावली पडायची. बेलिसारियो स्वतःच्या कामाचा पक्केपणा दाखवायला फळीवर थापा मारायचे. पाच दिवसांत मासे कोळशासारखे झाले. मी घड्याळ घेऊन कल्ले मोजत बसायचो, तर ओठ हलताना पाहून मास्तर माशांपाशी जप करतात अशी बातमी पसरली. शेवटी मी धीर करून ओतिलियाबाईंना सांगितलं की माशांना ताण आला आहे.

“ताण मलाही आहे, मास्तर,” त्या म्हणाल्या. “सात डुकरं आणि एक जावई. मला कुणी हौद बांधून दिला?”

मी घरात गेलो आणि एक पुस्तक उघडून त्याच्यामागे बसलो. संध्याकाळी बाहेर आलो तेव्हा हौदावर लव्हाळ्याची नवी चटई अंथरलेली होती, फाटकाला दोरी बांधलेली होती आणि ओतिलियाबाई काठी घेऊन बाहेर उभ्या होत्या. ही बाई आधी टोमणा मारते आणि मग ज्याला मारला त्याचं काम करून टाकते. उलट्या क्रमानं वागणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत, त्यामुळे मला तिचं फार कौतुक आहे. आठवड्याभरात मासे रुपेरी झाले. महिन्याभरात माझी चाहूल लागली की वर यायला लागले. इकडचा जून ते ऑगस्टचा हिवाळा आम्ही एकमेकांच्या सोबतीनं काढला. मी त्यांना हळू आवाजात वाचूनही दाखवत असे, पण ते इथे लिहिणं बरं नव्हे.

ऑक्टोबरमध्ये रस्ता रुंद करायची नोटीस आली. एक सोमवार सोडून पुढच्या सोमवारपासून माझ्या कुंपणाशी खडक फोडायचं यंत्र लागणार होतं आणि ओढा तीन आठवडे बंद होणार होता. हातात बारा दिवस होते. बेटावर दुसरं बारमाही पाणी म्हणजे ओतिलियाबाईंच्या बटाट्याच्या शेतामागचा झरा. तो सहाशे पावलांवर होता. सहाशे पावलं माणसाला काहीच नाहीत. माशाला किती असतात, ते मी पुस्तकात शोधलं. पुस्तक म्हणालं, आदल्या दिवशी उपाशी ठेवा, जाळ्यानं पकडा, बादलीतून न्या. मी एकच मासा जाळ्यात धरून पाहिला. तो असा तडफडला की मी जाळं तसंच पाण्यात सोडून दिलं. पुढे दोन दिवस तो कोपऱ्यात काळाठिक्कर होऊन तोंड लाकडाला लावून उभा होता. मी समोर गेलो की पाठ फिरवायचा. शाळेत कित्येक मुलांनी माझ्याकडे पाठ फिरवली असेल, पण त्यातल्या एकानंही मला इतकं लाजवलं नव्हतं.

मी बेलिसारियोंकडे गेलो. वाटेत काय बोलायचं ते तीनदा पाठ केलं आणि दारात विसरलो. त्यांनी मला बसवलं, माते नावाच्या कडू चहाचा पेला हातात दिला आणि गप्प बसले. त्यांचं सगळं मोठेपण यात आहे. एवढ्या आवाजाचा माणूस, पण समोरच्याला बोलायला वेळ देतो. मी जाळ्याचं सांगितलं.

“पण त्यांना बाहेर काढायचंच कशाला?” ते म्हणाले. “घर हलवताना मी कधी चूल विझवायला लावलीय? आता म्हातारी झालेली वासेन्याची बायको तर तेव्हा आत बाळंत होत होती. आपण हौदच नेऊ.”

“पाण्यासकट?”

“नाहीतर काय, कोरडे राहतील ते?”

मला हा शुद्ध वेडेपणा वाटला. घरी येऊन एदिताची टिपणं पुन्हा वाचली. जाळं नको, हवा लागायला नको, अंधार हवा, ओळखीचं पाणी हवं, ओळखीची सोबत हवी. चार पानांत तिनं जे मागितलं होतं ते सगळं त्या अडाणी म्हाताऱ्यानं एका वाक्यात दिलं होतं. ‘अडाणी’ हा शब्द मी मागे घेतो. साठ घरांतली माणसं घाबरू न देता हलवणाऱ्याला दुसरा शब्द लागतो, आणि तो माझ्या शब्दकोशात नाही.

आता परवानगी. मी लाँचनं तालुक्याला गेलो. मासे इकडून तिकडे न्यायचे तर एक अर्ज भरावा लागतो आणि त्यात वाहनाचा क्रमांक लागतो. मी खिडकीतल्या कारकुनाला सांगितलं की बैल आहेत. त्यांनी बैलांचा क्रमांक विचारला. मी म्हटलं, नावं आहेत. नाव चालत नाही म्हणाले. मला परत जायला हवं होतं, कारण मागे रांग होती आणि रांगेचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. पण का कोण जाणे, मी हललो नाही. त्या गृहस्थांना माझी दया आली असावी. ते म्हणाले की बैलांनी रस्त्यावरून न्यायच्या वस्तूंत त्यांच्या यादीत एकच वस्तू आहे, ती म्हणजे घर. त्याचा अर्ज दुसऱ्या खिडकीत मिळतो. दुसऱ्या खिडकीतही तेच येऊन बसले. घराची लांबी, तीन मीटर. रुंदी, दोन. छप्पर, लव्हाळ्याचं. राहणारी माणसं किती, या प्रश्नावर मी अडखळलो. खोटं बोलायची मला सवय नाही. नीतीमुळे नव्हे, पाठांतर कमी पडतं म्हणून.

“चाळीस,” मी म्हटलं.

त्यांनी लांबी-रुंदीकडे पुन्हा पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “स्वभावानं शांत दिसतात,” ते म्हणाले आणि शिक्का मारला.

मिंगा शनिवारी ठरली. मिंगा बोलावली की अख्खं गाव फुकट राबायला येतं. येणाऱ्याला नको म्हणता येत नाही आणि येईल त्याला पोटभर खायला घालावं लागतं. शिवाय ती मुकाट्यानं होत नाही. बैलांना हाका, माणसांना शिव्या आणि पुढे अकॉर्डियन, यांशिवाय घर हलतं यावर कुणाचा विश्वास नाही. माशांना मात्र नेमकं उलट हवं होतं. माणसं थोडी, आवाज नाही आणि पोट रिकामं. मी शुक्रवारी हौदावर पाटी लावली: ‘प्रवासामुळे आज यांना खायला देऊ नये.’

ही माझी सगळ्यात मोठी चूक. आमच्याकडे एखाद्याच्या दारात कुणी उपाशी आहे हे कळलं की पाहणाऱ्याला घास उतरत नाही. दुपारी मी परतलो तर पाण्यावर बटाट्याच्या भाकरीचे, म्हणजे मिल्कावचे, तुकडे, उकडलेले शिंपले आणि कुणीतरी मायेनं सोडलेलं अर्धं सॉसेज तरंगत होतं. ओतिलियाबाई एप्रन झटकत कुंपणातून निघताना दिसल्या. मी विचारण्याआधी त्याच म्हणाल्या की रस्त्याला लागणाऱ्याला कुणी रिकाम्या पोटी पाठवतं का, आणि बारक्याला तर त्यांनी जेमतेम चिमूटभर दिलं. चाळीसांतला बारका कोणता, हे मला सात महिन्यांत ओळखता आलं नव्हतं. सगळं उपसून, पाणी वाहतं ठेवून पुन्हा उपास सुरू केला आणि मिंगा रविवारवर गेली. म्हणजे यंत्र यायच्या आदल्या दिवसावर.

रविवारी सत्तर माणसं आली. पावसाची बारीक झड होती. नेहमीप्रमाणे कालवा सुरू झाला आणि मी चटई उचलून पाहिलं, तर चाळीसही मासे एका कोपऱ्यात चिकटून काळे पडत होते. मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी एका ओंडक्यावर चढलो. सत्तर चेहरे माझ्याकडे वळले आणि इथे खिडकी नव्हती.

“ते ऐकतात,” मी म्हटलं. एवढंच बाहेर पडलं. मागच्यांना ऐकू गेलं नाही म्हणून पुढच्यांनी मागे सांगितलं, तेही कुजबुजत. मग कुजबुज विरली. अकॉर्डियन वाजवणाऱ्या निबाल्दोनं ते बंद करून त्याला स्वतःचा पट्टा बांधला. बेलिसारियोंनी टोपी काढली आणि हातानंच बैल जुंपायची खूण केली.

पाणी निम्मं केलं होतं, पण निम्मं पाणी जास्त हिंदकळतं. ते पुस्तकात नव्हतं. पहिल्याच हिसक्याला एक लाट काठावरून बाहेर आली. ओतिलियाबाई गुपचूप ओढ्याकाठी गेल्या आणि छत्रीएवढी नाल्काची पानं तोडून घेऊन आल्या. पन्नास वर्षं त्या दोन्ही हातांत घागरी घेऊन चढ चढतात आणि वर एक पान टाकतात, म्हणून थेंब सांडत नाही. त्यांनी हौदभर पानं पसरली. लाट पानांखाली दबली आणि आत हिरवा अंधार झाला. मग बायका दोन्ही बाजूंनी चालू लागल्या. पानांच्या फटीतून दर घटकेला पाणी उचलायचं आणि हातभर उंचीवरून पुन्हा सोडायचं, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. हे त्यांना मी सांगितलं नव्हतं. दुधाची कासंडी न्यायची म्हणजे ढवळत न्यायची, एवढंच त्यांना माहीत होतं.

चार जोड्या बैल, सत्तर माणसं, दोर, ओंडके, आणि आवाज फक्त ओल्या गवताचा. मागचा ओंडका उचलून पुढे आणणारे लोक तो लहान मुलाला पाळण्यात ठेवावं तसा ठेवत होते. पाळणाऱ्या-मारणाऱ्यांच्या जगात चाळीस माशांसाठी असं काही झालं असेल असं मला वाटत नाही. झालं असेल तर मला वाचायला आवडेल.

शेताच्या चढाला क्लावेल नावाचा पुढचा बैल थांबला. बैल थांबला की ओरडायचं असतं. सगळ्यांनी बेलिसारियोंकडे पाहिलं. त्यांचा गळा फुगला, मान लाल झाली. मग ते वाकले, क्लावेलच्या कानाला तोंड लावून काहीतरी बोलले, आणि बैल चालायला लागला. नंतर मी विचारलं काय सांगितलंत.

“म्हटलं, ओरडता येत नाहीये, बाबा. जरा सांभाळून घे.”

झऱ्यापाशी हौद टेकला, पन्हळ जोडली, पाणी वाढलं. जेवण शेतातच होतं. खड्ड्यात तापल्या दगडांवर शिजलेला शिंपले-मांसाचा कुरांतो आणि चीचा, म्हणजे सफरचंदाची दारू. काम संपलं आहे, आता बोलायला हरकत नाही, हे सांगायला मी विसरलो. सत्तर माणसं शिंपल्यांची कवचं आवाज न करता गवतावर ठेवत, खुणेनं मीठ मागत जेवली. ज्यांना नाचायचं होतं ती निबाल्दोबरोबर टेकडीपलीकडे गेली.

मासे चाळीसच्या चाळीस जिवंत होते. पण खाईनात. सोमवार, मंगळवार, बुधवार. दूरवर यंत्र खडक फोडत होतं आणि मी झऱ्याशी हौदाला नाक लावून बसलो होतो. डिसेंबरचा प्रश्न नुसता जगण्याचा नव्हता. गुरुवार, शुक्रवार. गावानं आपलं काम चोख केलं होतं, म्हणजे चूक कुठे असेल तर माझीच. शनिवारी मी मनातल्या मनात एदिताला नकाराचं पत्र लिहायला घेतलं.

“मास्तर, तुम्ही घरी जा,” ओतिलियाबाई म्हणाल्या.

“ते खात नाहीयेत.”

“कशाला खातील? दिवसभर वर तुमचं सुतकी तोंड. ते बघून माझाही घास उतरेनासा झालाय.”

मी गेलो. अपमान झाला तर माणसानं निघून जावं, एवढा स्वाभिमान माझ्यात आहे. दोन दिवस गेलोच नाही. घरात बसून पुस्तक उलटं धरून वाचलं. सोमवारी संध्याकाळी त्या माझ्या दारात आल्या, चिखलाचे पाय पुसले आणि म्हणाल्या की कालपासून खातायत, चाळीसही, बारक्यानं तर दोनदा खाल्लं. म्हणजे माझ्या सहा दिवसांच्या काळजीचा एकच उपयोग झाला होता, की ती थांबल्यावर माशांना भूक लागली. हे मनाला लागलं, नाही असं नाही. तरी मी गेलो. हौदापासून दहा पावलांवर, पाठ करून गवतात बसलो. ओतिलियाबाईंनी मूठभर खाणं टाकलं. मला काही दिसत नव्हतं. मागून पाण्यावर थेंब पडल्यासारखा आवाज आला, मग दुसरा, मग इतके की मोजता येईनात. पाऊस नव्हता.

बारावं उत्तर मी उभ्या उभ्याच लिहिलं. ‘प्रिय एदिता, हो. चाळीस आहेत. चाळीसही खातात, मी समोर नसलो की जास्त खातात. कसं केलं ते बेलिसारियो कोलिवोरो आणि ओतिलिया ग्वेन्तेओ यांना विचार, मला नीट सांगता येणार नाही. तुझ्या वर्गात घाबरलेला एकजण होता. आता तो बराच बरा आहे. तुझा, ए. मान्सिया.’

मंगळवारी धक्क्यावर लाँच सुटायच्या बेतात होती. इंजिन धडधडत होतं. लाँचवाल्यानं पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि ओरडून विचारलं की साध्या टपालात टाकू की तातडीच्या.

आठ महिने झाले होते. मी नेहमीसारखं काहीतरी पुटपुटलो, त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं कानाला हात लावला, लाँच हलली.

“तातडीच्या,” मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की धक्क्यावरचे बैल चालायला लागले.